प्रतिक्रियेला उत्तर : फोर्टीस्विच फोर्टीगेटखाली घेताना पुसलेले व्हीलॅन

नमस्कार,

"तुमचा लेख समोर ठेवून शनिवारी रात्री सहा फोर्टीस्विच फोर्टीगेटखाली घेतले आणि रविवारी दुपारपर्यंत ऑफिसातला एकही आयपी फोन लागत नव्हता. जुनं कॉन्फिगरेशन उडतं, हे तुम्ही कुठे लिहिलंय ते दाखवा." फोर्टीस्विच (ऑफिसातल्या केबल जोडणारे नेटवर्क स्विच) त्याच कंपनीच्या फोर्टीगेट या फायरवॉलच्या ताब्यात कसे द्यायचे, या माझ्या लेखावरच्या तुमच्या प्रतिक्रियेची सुरुवात अशी आहे. तर दाखवतो. लेखात शेवटून तिसऱ्या परिच्छेदात "बॅकअप घेऊन ठेवावा" एवढं लिहून मी मोकळा झालो होतो. म्हणजे लिहिलंय, पण न लिहिल्यासारखंच. चूक माझी. आज लेखाच्या अगदी वर, ठळक अक्षरांत टाकलंय : स्वतंत्र चालणारा स्विच फोर्टीलिंकमध्ये (म्हणजे फोर्टीगेटने स्विच चालवायच्या पद्धतीत) गेला की तो रीबूट होतो आणि कोरा होऊन उठतो. व्हीलॅन (एकाच स्विचवर पाडलेली वेगवेगळी नेटवर्कं), पोर्टांची नावं, ट्रंक (अनेक केबल एकत्र बांधून केलेला दुवा), सगळं गेलं.

पण खरं सांगायचं तर बॅकअप घेतला असता तरी तुमची रविवार सकाळ वाचली नसती. तो बॅकअप परत चढवायला नसतोच, वाचायला असतो. फोर्टीलिंकमध्ये व्हीलॅन स्विचवर बांधायचे नसतात. फायरवॉलवरच्या फोर्टीलिंक इंटरफेसखाली ते नव्याने बांधायचे आणि तिथूनच एकेका पोर्टाला द्यायचे. जुन्या फाइलचा उपयोग एवढाच, की कुठल्या पोर्टावर काय होतं ते कळावं.

हे मला कसं कळलं तेही सांगतो. भोसरीतल्या एका कारखान्यात चार स्विच होते, गुरुवारी सुट्टी, म्हणून काम गुरुवारी धरलं. (गुरुवारी तिकडे वीजही जाते, हे पुणेकरांना सांगायला नको. यूपीएसची बॅटरी आधी तपासा.) मी व्हीलॅनचे नंबर उतरवून घेतले, पोर्टांचे नाही. म्हटलं, सगळी पोर्टं अकाउंट्स नाहीतर प्रॉडक्शन, अजून काय असणार? शुक्रवारी सकाळी पावणेआठला फोन : गेटवर दीडशे माणसं रांगेत आणि हजेरीचं मशीन अंगठा घेतंय, पण सर्व्हरला काही पोचत नाहीये. दुसऱ्या स्विचचं सतरा नंबरचं पोर्ट. कुणीतरी कधीतरी ते वेगळ्या व्हीलॅनमध्ये टाकलं होतं आणि टाकणारा नोकरी सोडून गेला होता. तेव्हापासून स्विच बदलायच्या आदल्या दिवशी मी रॅकसमोर स्टुलावर बसून पोर्टवार वही भरतो : पोर्ट, केबलवरचा टॅग, पलीकडे काय आहे, व्हीलॅन टॅग्ड की अनटॅग्ड (पाकिटावर व्हीलॅनचा नंबर लावून की न लावता), पीओई (केबलमधूनच वीज) लागतं का. चोवीस पोर्टांना पाऊण तास जातो. तुमचे आयपी फोन या वहीतच सापडले असते.

वही झाली की दुसरी गोष्ट, जी लेखात यायलाच हवी होती : स्विच जोडायची वाट बघू नका. मागच्या स्टिकरवरचा सीरियल नंबर घेऊन फोर्टीगेटवर तो स्विच आधीच तयार करता येतो, आणि त्याच्या पोर्टांना व्हीलॅनही तेव्हाच देता येतात. मग स्विच कोरा होऊन उठतो खरा, पण उठल्याबरोबर त्याला फायरवॉलकडून भरलेलं ताट मिळतं. तयारी चालू असताना ऑटोमॅटिक ऑथोरायझेशन (जोडलेला स्विच आपोआप ताब्यात घेणं) मात्र बंद ठेवा. वेळ तुम्ही ठरवायची, केबलने नाही.

खरा वेळ खातं ते वेगळंच. तुमचे जुने व्हीलॅन फायरवॉलच्या एका फिजिकल पोर्टाखाली होते, असं तुम्ही लिहिलंय. ते उचलून फोर्टीलिंकखाली ठेवायला जाल तर फोर्टीगेट पालक इंटरफेस (ज्याखाली व्हीलॅन आहे तो) बदलू देत नाही. तोच सबनेट (आयपी पत्त्यांचा पट्टा) देऊन नवीन करायला जाल तर आधीच्याशी ओव्हरलॅप होतो म्हणून अडवतो. जुना काढायला जाल तर पॉलिसी (काय जाऊ द्यायचं त्याचे नियम), डीएचसीपी (आयपी वाटप), व्हीपीएन सगळीकडे त्याचं नाव अडकलेलं. रात्री दोन वाजता या त्रिकोणात सापडलेला माणूस काय काय पुटपुटतो ते इथे लिहिता येणार नाही. माझी पद्धत अशी : आठवडाभर आधी प्रत्येक जुना इंटरफेस एकेका झोनमध्ये (इंटरफेसच्या गटात) घालायचा आणि पॉलिसी झोनच्या नावावर करायच्या. मग त्या रात्री झोनमधला सदस्य फक्त बदलायचा, पॉलिसीला हात लावायचा नाही. आणि हो, इंटरफेसच्या नावाला पंधरा अक्षरांचीच मुभा आहे, तेव्हा नावं वहीतच छोटी करून घ्या.

तुमची दुसरी तक्रार : दोन स्विच ऑथोराइज्ड दिसत होते, पण तासभर वर आले नाहीत, "आणि मग आपोआप आले". आपोआप काही येत नाही हो. माझा संशय घड्याळावर आहे. स्विच आणि फायरवॉल यांच्यातला कॅपवॅप बोगदा (ज्यातून फायरवॉल स्विच चालवतो) सर्टिफिकेट तपासून उघडतो. रिसेट झालेल्या स्विचचं घड्याळ भलत्याच सालात असेल तर तपासणीत तो नापास. फोर्टीलिंक इंटरफेसवर एनटीपी (घड्याळं जुळवणारी सेवा) चालू आहे का, आणि खुद्द फोर्टीगेटची वेळ बरोबर आहे का, हे स्विचला हात लावायच्या आधी बघायचं. फर्मवेअरचंही तसंच. फोर्टीगेटच्या आवृत्तीशी स्विचची कुठली आवृत्ती चालते त्याचा तक्ता कंपनी देते. तो बघून स्विच आधी, स्वतंत्र असतानाच, अपडेट करून घ्या.

"दोन केबल लावल्या, एक मेलेलीच" : ती मेलेली नाही, राखीव बसली आहे. फोर्टीलिंक स्प्लिट इंटरफेस हा पर्याय चालू असला की एकच दुवा काम करतो. दोन केबल दोन वेगळ्या स्विचना जात असतील, आणि त्या दोघांत एमसीलॅग (दोन स्विच मिळून एकच असल्यासारखे चालवणं) नसेल, तर ते तसंच राहू द्या. दोन्ही एकाच स्विचला जात असतील तर स्प्लिट इंटरफेस बंद करा, दोन्ही चालू होतील.

आता जिथे मला तुमचं पटत नाही तिथे येतो. "फायरवॉल बंद पडला की सहाही स्विच बंद." नाही. स्विच शेवटचं मिळालेलं कॉन्फिगरेशन धरून ठेवतो. एकाच व्हीलॅनमधला प्रिंटर, फाइल सर्व्हर चालू राहतात. थांबतं ते एका व्हीलॅनमधून दुसऱ्यात जाणं, इंटरनेट, आणि फायरवॉलच आयपी वाटत असेल तर नवीन आयपी मिळणं. पण तुमचा गेटवे (नेटवर्कातून बाहेर जायचा दरवाजा) आधीही फायरवॉलच होता, म्हणजे हे सगळं आधीही थांबलंच असतं. नवीन तोटा एकच : तेवढा वेळ स्विचचं कॉन्फिगरेशन बदलता येत नाही.

"एकाच कंपनीच्या दावणीला बांधून घेणं" हा मुद्दा मात्र बरोबर आहे, त्यावर मी वाद घालणार नाही. फोर्टीलिंकखाली फोर्टीस्विचच येतो. दोन स्विचच्या ऑफिसने या भानगडीत पडूच नये, असं माझं मत आहे. सहा स्विच आणि तीन मजले असतील तर एका खिडकीतून सगळं दिसण्याची किंमत मी देतो. तुम्ही नाही दिली तरी चालेल.

तुमचा सहावा स्विच अजूनही डाउन आहे म्हणता. फोर्टीगेटच्या सीएलआयवर (कमांड टाइप करायच्या पडद्यावर) 'एक्झिक्युट स्विच-कंट्रोलर डायग्नोज-कनेक्शन' आणि पुढे त्या स्विचचा सीरियल नंबर देऊन चालवा. जे येईल ते इथे खाली टाका, सीरियल नंबर खोडून. सोबत स्विचच्या कन्सोलवर तारीख काय दिसते तेही लिहा. संध्याकाळी सातनंतर मी बघतो.