सुबत्तेचा आरसा? १९१८ साली?

लेखात रशियन चित्रकार बोरिस कुस्तोदिएवच्या ‘चहा पिणारी व्यापाऱ्याची बायको’ या चित्राला ‘त्या काळच्या रशियन सुबत्तेचा आरसा’ म्हटलंय, ते काही पटलं नाही. चित्र १९१८ चं आहे हो! क्रांती नुकतीच झालेली, पेत्रोग्राडमध्ये (आजचं सेंट पीटर्सबर्ग) पावसुद्धा रेशनवर. चित्रकार स्वतः कमरेखाली लुळा, चाकांच्या खुर्चीत. टेबलावरचं लालभडक कलिंगड, द्राक्षं, चकाकता समोवार (चहाचं पाणी उकळायचं रशियन भांडं) हे सगळं त्याच्या आठवणीतल्या व्होल्गाकाठच्या गावांतलं. मूळचा व्होल्गाकाठच्याच अस्त्राखान शहराचा माणूस, आणि अस्त्राखानची कलिंगडं आजही रशियात नावाजलेली. बाईच्या चित्रासाठी बसलेली मुलगी तर वैद्यकाची विद्यार्थिनी होती. आरसा कसला, उपाशी शहरात बसून रंगवलेलं भरलं ताट आहे ते.

आणि बशीबद्दल लेखात अवाक्षर नाही! बोटांच्या टोकांवर तोललेली ती बशी चित्राच्या मधोमध आहे. समोवारचं पाणी उकळतं, म्हणून चहा बशीत ओतून निववायचा, साखरेचा खडा दातात धरायचा आणि वरून घोट घ्यायचा, अशी तिकडची रीत. आमचे आजोबा बशीतूनच भुरके मारायचे, आजी डोळे वटारायची. या चित्रातल्या बाईला मात्र कोणी हटकत नाही. मांजर तेवढं खांद्याला अंग घासतंय.