कुकर, इपॉक्सी आणि दोन तासांत ‘दगड’ झालेलं लाकूड

एक कृती सध्या रील्समधून जोरात फिरतेय. लाकडाचा ठोकळा इपॉक्सीत, म्हणजे हळूहळू घट्ट होणाऱ्या द्रव रेझिनमध्ये, बुडवा, प्रेशर कुकरला फ्रिजचा जुना कॉम्प्रेसर जोडा, व्हॅक्यूम मोजणारा काटा २९ इंचांवर (पाऱ्याच्या) गेला की व्हॅक्यूम रेझिन आत खेचून घेतो. दोन तासांत कुठलंही लाकूड दगडासारखं, वर वॉटरप्रूफ! पेनं आणि सुऱ्यांच्या मुठी करणारी हौशी मंडळी यावर चांगले पैसे घालवताहेत.

खरी गफलत ‘खेचून घेतो’ इथेच आहे. व्हॅक्यूम फक्त लाकडातली हवा बाहेर काढतो. बुडबुडे थांबल्यावर पंप बंद करून झडप उघडली की बाहेरच्या हवेचा दाब, दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो, रेझिनला रिकाम्या पोकळ्यांत ढकलतो. म्हणजे भरण्याचं काम पंप थांबल्यावर सुरू होतं आणि सावकाश चालतं. पंप जितका वेळ चालला, त्याच्या निदान दुप्पट वेळ ठोकळा बुडालेलाच हवा. तरंगू नये म्हणून त्यावर वजन ठेवायचं. रीलमध्ये झडप उघडताक्षणी ठोकळा उचललेला दिसतो. तो मधोमध कापून मात्र कुणी दाखवत नाही.

२९ इंच हा समुद्रकाठचा आकडा. पुण्यात मुळात हवेचाच दाब २८ इंचांच्या आसपास असतो, महाबळेश्वरला तर पंचवीस-साडेपंचवीस. तिथे काटा २९ च्या आधीच अडला म्हणून पंपाला शिव्या देण्यात अर्थ नाही.

इपॉक्सी या कामाची नव्हेच. ती दाट असते, व्हॅक्यूममध्ये फेसाळते आणि मिसळल्यापासून घट्ट व्हायला लागते. यासाठी मेथाक्रिलेट जातीचं पातळ रेझिन मिळतं. ते ९०-९५ अंशांची उष्णता मिळेपर्यंत द्रवच राहतं, त्यामुळे उरलेलं पुन्हा वापरता येतं. ठोकळा फॉइलमध्ये गुंडाळून भाजायचा, पण स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये अजिबात नाही.

आता कुकर. आतून बसणारं झाकण वाफेच्या दाबाने वर, कडेवर घट्ट दाबलं जातं. आतली हवा काढलीत की बाहेरची हवा तेच झाकण खाली, कडेपासून दूर ढकलते. गळती ठरलेली! काचेची लोणच्याची बरणी तर त्याहून वाईट, ती आतल्या आत फुटते.

‘कुठलंही लाकूड’ हेही खोटं. सागाच्या गाभ्यात तेल, शिसवाच्या गाभ्यात जागाच कमी. दोन्हीत रेझिन फारसं शिरत नाही आणि त्यांना त्याची गरजही नसते. बुरशीने काळ्या रेघा पडलेला, भुसभुशीत झालेला आंबा घ्या, तो मनसोक्त पितो.

फक्त तो कोरडा हवा, आणि रील नेमकं हेच गाळते. सुतार ज्याला वाळलेलं म्हणतो त्यातही दहा-बारा टक्के पाणी असतं, कोकणातल्या पावसाळ्यात आणखी जास्त. व्हॅक्यूममध्ये हे पाणी खोलीच्या तापमानालाच उकळतं, मग बुडबुडे थांबतच नाहीत आणि आपण हवाच निघतेय असं समजून बसतो. ठोकळा १०५ अंशांवर दिवसभर तरी ठेवायचा, वजनकाट्यावर वजन घटायचं थांबेपर्यंत. मग हवाबंद पिशवीत गार करायचा. उघडा ठेवला तर पुन्हा ओल धरतो.

राहता राहिलं वॉटरप्रूफ. रेझिन मुख्यतः पेशींच्या पोकळ्या भरतं, पेशींच्या भिंती बऱ्याचशा तशाच राहतात. त्यामुळे मोरीत भिजत पडलेल्या सुरीची मूठ तरीही फुगते, फक्त कमी आणि उशिरा.