कागदावरूनच पसंती

ब्रिटनमध्ये सरकारी खाकी पाकीट दारातून आत पडलं की धडधाकट माणसाच्याही पोटात गोळा येतो. आमच्याकडे पडलं त्यात पिपचा, म्हणजे पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंटचा, फेरतपासणीचा फॉर्म होता. आजारपणामुळे किंवा अपंगत्वामुळे रोजच्या जगण्यात जो जादा खर्च होतो, त्यासाठी २०१३ पासून हा भत्ता मिळतो. पगार किती, बँकेत किती, हे विचारत नाहीत. बाकी सगळं विचारतात.

मला संधिवात आहे, ऱ्हुमॅटॉइड जातीचा. त्याचा मुख्य दरबार सकाळी भरतो. बोटं उठतात ती माझ्यानंतर तासा-दोन तासांनी, तीही नाराजीने.

फॉर्ममध्ये बारा कामांची चौकशी असते. स्वयंपाक, खाणं, औषधपाणी, अंघोळ, संडास, कपडे, बोलणं, वाचणं, लोकांत मिसळणं, पैशांचे व्यवहार, ठरवून कुठे जाणं आणि शेवटी चालणं. वाचता वाचता मला ही यादी ओळखीची वाटायला लागली. अहो, हा तर मुलगी बघण्याचा कार्यक्रम! स्वयंपाक काय काय येतो, पेपरातल्या दोन ओळी वाचून दाखव, चार माणसांत मिसळते ना, आणि सगळं झाल्यावर ह्यांच्या आत्याबाईंचं, "बाळ, जरा त्या दारापर्यंत चालून दाखव बघू." तेव्हा सगळं येतं हे पटवायचं होतं, आता येत नाही हे पटवायचं. संडासाची चौकशी मात्र आत्याबाईंनीही केली नव्हती.

गुणांची पद्धतही उलटी. जितकं कमी जमेल तितके गुण जास्त. पहिल्या दहा कामांत मिळून ८ गुण झाले की साधा दर, १२ झाले की वरचा. जाण्या-चालण्याच्या दोन कामांचा हिशोब वेगळा, पण आकडे तेच. मी शाळेत पहिल्या पाचांत असायचे. नापास होण्यासाठी अभ्यास करायची ही पहिलीच वेळ, आणि माझा हात काही केल्या 'तसं जमतं' याच्यापुढे जाईना.

सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस या फुकट सल्ला देणाऱ्या संस्थेतल्या बाईंनी ते वाचलं आणि पेन खाली ठेवलं. जमतं म्हणजे कसं? नियमात चार अटी आहेत म्हणाल्या. सुरक्षितपणे जमायला हवं, नीट जमायला हवं, जितक्यांदा करावं लागतं तितक्यांदा जमायला हवं, आणि इतर माणसाला लागतो त्याच्या दुपटीहून जास्त वेळ लागता कामा नये. तेही निम्म्याहून जास्त दिवस. म्हणजे दिवाळीत एकदा ब्लाउजचे हुक स्वतःचे स्वतः लावले याला यश म्हणत नाहीत. या चार अटी लावल्या तर आमच्या घरात स्वयंपाक जमणारा पुरुष एकही नाही, पण त्यांचा फॉर्म वेगळा असावा.

चालण्याच्या प्रश्नात मीटर असतात. २० मीटर, ५०, २००. दुखायला लागतं ते मीटर मोजून लागत नाही. हे माप-टेप घेऊन रस्त्यावर उतरले, मी काठी घेऊन मागे. चौथ्या घराच्या कुंपणाशी २० मीटर संपले आणि माझा उजवा गुडघाही. शेजारच्या आजोबांनी पडदा सारून बघितलं, मग बाहेर येऊन विचारलं, घर वाढवताय की काय? कौन्सिलची परवानगी काढली का? त्यांना पिप समजावून सांगण्यात जेवढा वेळ उभी राहिले, तो फॉर्ममध्ये कुठे लिहायचा ते कळलं नाही.

पुरावा म्हणून डॉक्टरांची पत्रं जोडायची. इथले स्पेशालिस्ट पत्राची सुरुवात फार गोड करतात. माझ्या पत्रात सांध्यांची सगळी दुर्दशा होती, पण पहिल्या ओळीत 'या प्रसन्न बाई' असं होतं. ह्यांना वाटलं, ती ओळ आपल्या विरोधात जाईल. मला वाटलं, एवढं एक तरी कुणीतरी लेखी दिलंय, राहू दे.

फॉर्म पाठवला आणि आमच्यात वाद सुरू झाला. तपासणी फोनवर होऊ शकते, व्हिडिओवर, त्यांच्या केंद्रात किंवा आपल्या घरी. समजा, घरीच आले तर? हे म्हणाले, "पसारा राहू दे, पुरावा आहे तो." मी म्हटलं, पाहुणा यायचा आणि सोफ्यावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग? बरं, आलेल्या माणसाला नुसतं पाणी कसं द्यायचं! निदान पोहे तरी. मग नियम पुन्हा वाचला. साधं जेवण म्हणजे ताज्या जिनसांचं, एका माणसापुरतं, एकाच पदार्थाचं, शिजवलेलं. आणि शिजवणं म्हणजे कंबरेच्या उंचीवर किंवा त्याहून वर गरम करणं. माझ्या डोळ्यांपुढे गॅसवरची कढई आली. हे तर शब्दशः कांदेपोहे! एक बशी पुढे केली असती की स्वयंपाकाचे गुण गेलेच. मुलीने तोडगा काढला. "आई, कांदा बाबांना चिरू दे, आणि तसं त्यांना सांग." ह्यांचा कांदा बघितला असता तर त्यांनाच भत्ता मंजूर झाला असता.

पण कुणी आलंच नाही. फोनही नाही. थेट निकालाचं पत्र आलं. पाठवलेल्या कागदपत्रांवरून निर्णय झाला होता, प्रत्यक्ष भेटीची गरज पडली नव्हती, भत्ता चालू. पत्रिका जुळली, फोटो बघितला, मुलगी पसंत!

मी हुश्श केलं, आणि दोन मिनिटांनी मला चक्क राग आला. एवढी तयारी केली, रस्ता मोजला, पोह्यांचा कायदा पाठ केला, आणि बघायला एक माणूस नाही? मुलगी म्हणाली, "आई, लोकांना निकाल पटला नाही की महिन्याच्या आत फेरविचार मागावा लागतो, मग ट्रायब्यूनल. तू बसून रुसतेयस कसली?" खरं होतं ते.

पत्रात प्रत्येक कामापुढे गुण होते. वाचन शून्य, बोलणं शून्य, पैशांचे व्यवहार शून्य. म्हणजे या तिन्हींत मी निर्दोष. बोलण्यापुढचं शून्य ह्यांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, "हे त्यांना न भेटता कसं कळलं?"

रात्री सासूबाईंचा साताऱ्याहून फोन आला.

"काय गं, तब्येत काय म्हणतेय?"

"अगदी मजेत आहे आई! काही म्हणजे काही त्रास नाही!"

हे ताडकन उठले. "हळू बोल जरा. खिडकी उघडी आहे."