फर्स्ट इयरला सीपी झेपत नाही, हे कुणी ठरवलं?

ॲडमिशन झाल्या की सांगली-मिरजेच्या इंजिनिअरिंगच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. "कॉम्पिटिटिव्ह प्रोग्रॅमिंग आयआयटीवाल्यांचं काम. आठवीपासून कोडिंग केलेल्यांनीच नादी लागावं. गणित भारी लागतं. आणि आता एआय सगळं सोडवतं, वेळ घालवू नका." सीपी म्हणजे हेच कॉम्पिटिटिव्ह प्रोग्रॅमिंग, ठरलेल्या वेळेत कोड लिहून प्रश्न सोडवायची स्पर्धा. हा मेसेज वाचून विश्रामबागेतल्या आमच्या शनिवारच्या सरावाकडे पोरं फिरकतच नाहीत. म्हणून हे उत्तर.

आठवीपासूनचं कोडिंग? नवख्यांना आम्ही पहिला प्रश्न देतो तो कोडफोर्सेस या सीपीच्या वेबसाइटवरचा, कलिंगडाचा. वजन १ ते १०० किलो. त्याचे दोन भाग असे करायचे की दोन्हींचं वजन सम किलोत येईल. जमेल की नाही, एवढंच सांगायचं. पोरं झटक्यात लिहितात, वजन सम असेल तर जमेल. सबमिट केलं की राँग आन्सर! मग जी वादावादी होते ती बघण्यासारखी असते. शेवटी कुणीतरी २ घालून बघतं: भाग १ आणि १, दोन्ही विषम. एक अट वाढली की उत्तर बरोबर. ज्याला कोडमध्ये इफची अट लिहिता येते त्याला हे जमतं. पोरं पळतात ती पहिल्याच दिवशी फळ्यावर ग्राफ आणि डीपी (डायनॅमिक प्रोग्रॅमिंग) असले पुढचे विषय काढणाऱ्या सिनिअरमुळे.

गणिताचं म्हणाल, तर सुरुवातीला अंदाज पुरतो. २ लाख आकड्यांतल्या कुठल्या दोघांची बेरीज दिलेल्या संख्येइतकी होते? दोन लूप लावून प्रत्येक जोडी तपासली तर जोड्या होतात सुमारे २,००० कोटी. मशीन सेकंदाला ढोबळमानाने १० कोटी साधी कामं करतं. म्हणजे २०० सेकंद, आणि मुदत १ सेकंदाची. टीएलई, म्हणजे वेळ संपल्याचा शेरा, ठरलेला. प्रत्येक जोडी न तपासता हे कसं जमतं, ते आम्ही आधी बाकावर चिठ्ठ्या मांडून करतो. आकडे चढत्या क्रमाने लावायचे, एक बोट पहिल्या चिठ्ठीवर, एक शेवटच्या. बेरीज कमी पडली तर डावं बोट पुढे, जास्त झाली तर उजवं मागे. मराठी माध्यमातून आलेली, डिप्लोमा करून आलेली पोरंही हे पटकन पकडतात. त्यांची खरी अडचण प्रश्नाच्या लांबलचक इंग्रजीची असते. म्हणून प्रश्न मोठ्याने वाचून आधी मराठीत सांगायला लावतो. पुढे गणित लागतं, नाही असं नाही, पण ते पुढे शिकता येतं.

आयआयटीवाल्यांचंच काम म्हणणाऱ्यांनी रशियातल्या सारातोव्हकडे बघावं. मॉस्को नाही, सेंट पीटर्सबर्ग नाही, व्होल्गाकाठचं शहर. तिथल्या विद्यापीठाच्या टीमने २००६ साली आयसीपीसीचं, म्हणजे कॉलेजांच्या जागतिक प्रोग्रॅमिंग स्पर्धेचं, जगज्जेतेपद मिळवलं, आणि कोडफोर्सेसही तिथलंच.

एआयचा मुद्दा खरा आहे. २०२५ च्या आयसीपीसी जागतिक अंतिम फेरीचे सगळे १२ प्रश्न ओपनएआयच्या मॉडेल्सनी सोडवले. पण एआयने हातात ठेवलेला दोन लूपचा कोड २ लाख आकड्यांवर अडकणार, हे ज्याने चिठ्ठ्या हलवून बघितलंय त्याला दिसतं. बाकीचे चालतोय म्हणून पुढे ढकलतात.

तेव्हा शनिवारी या. लॅपटॉप नसला तरी अडणार नाही, आयसीपीसीतही पाच तास तिघांत एकच कॉम्प्युटर असतो.