युनियनवर बंदी घालू नका!

गव्हर्नरसाहेब, सरकारी कर्मचाऱ्यांच्या युनियन डोईजड झाल्यात? बंदीच्या नादी लागू नका. सभासद होण्यावरच बंदी घातलीत, तर फेडरल कोर्टात अमेरिकी राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीवर (अभिव्यक्ती आणि संघटनेचं स्वातंत्र्य) आपटाल. त्यापेक्षा विस्कॉन्सिन राज्याचा 2011 चा ‘अ‍ॅक्ट 10’ हा सरकारी युनियनांना वेसण घालणारा कायदा समोर ठेवा आणि बिनधास्त कॉपी करा.

युनियन खुशाल राहू द्या. वाटाघाटीला मूळ पगाराशिवाय दुसरा विषयच ठेवू नका. रजा, पाळ्या, बदल्या सगळं बाद. पगारवाढ महागाई निर्देशांकापुरती, जास्त हवी तर सार्वमत घ्या म्हणावं. पगारातून वर्गणी कापणं बंद. गोळा करायला कोणी अडवलंय? दारोदार फिरा, पावत्या फाडा.

मान्यतेसाठी निवडणूक मात्र दरवर्षी लावा. 51 टक्के मतं हवीत, पण मतदान करणाऱ्यांची नव्हे, युनिटमधल्या, म्हणजे युनियन ज्यांच्या वतीने वाटाघाटी करते त्या सगळ्या कर्मचाऱ्यांची. 500 जणांपैकी 300 जणांनी मत दिलं, त्यातले 250 बाजूने पडले, तरी युनियन गेली, लागतात 255. बाळंतपणाच्या रजेवरची शिक्षिका घरबसल्या तुमच्या बाजूने मोजली जाते. तुमची स्वतःची निवडणूक या हिशेबात कोणी बसवून पाहणार नाही, याची काळजी घ्या.

पोलीस आणि अग्निशमन दलाला या सगळ्यातून वगळा. तुम्हाला पाठिंबा दिलेल्या युनियन नेमक्या त्याच गटात निघतील, निघू देत. विरोधकाला पाठिंबा दिलेल्या एकदोन त्यात असल्या तर उत्तमच, कोर्टात दाखवायला होतात. कारण काय सांगायचं? त्यांनी संप केला तर? संप आधीच बेकायदा आहे, हे आपणहून बोलू नका.

मार्च 2012 मध्ये विस्कॉन्सिनमधल्या फेडरल कोर्टाचे न्यायाधीश कॉनली यांनी दरवर्षीची निवडणूक आणि पगारातून वर्गणी कापण्यावरची बंदी रद्द केली होती. तसं झालं तर घाबरू नका, अपिलात जा. जानेवारी 2013 मध्ये सातव्या सर्किटने, म्हणजे वरच्या फेडरल अपील कोर्टाने, सगळा कायदा उचलून धरला. कायद्यामागे सुचेल असं एकही सबळ कारण नाही, हे युनियननेच सिद्ध करायचं असतं. तुमच्या मनात खरं काय होतं, ते कोणी विचारत नाही. वर्गणीवर तर 2009 च्या आयडाहोच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेच वाट करून ठेवलीय: युनियनची वसुली करून देणं सरकारवर बंधनकारक नाही. सातव्या सर्किटचेच न्यायाधीश हॅमिल्टन यांनी वर्गणीच्या मुद्द्यावर विरोधी मत लिहिलं. फाइलला लावून ठेवा.

राज्याच्या कोर्टाकडे मात्र दुर्लक्ष नको. डिसेंबर 2024 मध्ये विस्कॉन्सिनच्याच डेन काउंटीच्या न्यायाधीशांनी पोलीस-अग्निशमन वेगळे आणि बाकीचे वेगळे, याच गटवारीवरून बहुतेक कायदा रद्द केला. तिकडे न्यायाधीश निवडणुकीने येतात; प्रचारखर्चाची तरतूद याच बजेटात करून टाका.