गाडीच्या खांबांत स्प्रे फोम भरू नका: ‘१,८०० रुपयांत शांत गाडी’ या संदेशाचा प्रतिवाद

गेले काही आठवडे एक चित्रफीत आणि तिच्याखालचा लांबलचक मजकूर घरोघरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत फिरतो आहे. ‘फक्त १,८०० रुपयांत तुमची साधी हॅचबॅक आलिशान गाडीसारखी शांत करा, कंपन्या हे गुपित सांगणार नाहीत’ असा त्याचा मथळा आहे. उपाय असे सांगितले आहेत: दारांच्या आत थर्माकोल आणि अंड्यांचे ट्रे चिकटवा, दारांमधले खांब आणि पायरीखालची पोकळी स्प्रे फोमने भरून टाका, पत्र्याची थरथर जिरवणाऱ्या महागड्या डॅम्पिंग शीटऐवजी गच्चीला लावायची डांबरी टेप वापरा आणि पत्र्याचा एक इंचही मोकळा ठेवू नका, शेवटी मोबाइलच्या अ‍ॅपवर मोजा, आवाज ७४ वरून ६८ डेसिबलवर, ‘म्हणजे थेट निम्म्यावर’ आलेला दिसेल. असले संदेश न वाचता पुसून टाकण्याची सवय मला आहे. परंतु चिपळूणच्या माझ्या मामेभावाने हा संदेश वाचून मे महिन्यात गाडीची चारही दारे उघडली आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर मला फोन केला, त्यामुळे आता गप्प बसणे शक्य नाही.

थर्माकोलपासून सुरुवात करू. ‘थर्माकोल उष्णता अडवतो, म्हणून आवाजही अडवतो’ असे संदेशात बिनदिक्कत लिहिले आहे. उष्णता अडवायला कोंडलेली हवा लागते, तर हवेतून येणारा आवाज अडवायला वजन लागते. कोणत्याही पडद्याचे दर चौरस मीटरमागचे वजन दुप्पट केले की त्यातून पलीकडे जाणारा आवाज ढोबळमानाने ६ डेसिबलने घटतो, हा ध्वनिशास्त्रातला अगदी प्राथमिक नियम आहे. दाराचा पत्रा साधारण ०.७ मिलिमीटर जाडीचा धरला, तर त्याचे वजन चौरस मीटरला सुमारे साडेपाच किलो भरते. पॅकिंगच्या थर्माकोलची इंचभर जाड शीट चौरस मीटरला अर्धा किलोही भरत नाही. या हिशेबाने जास्तीत जास्त पाऊण डेसिबलचा फरक पडेल आणि तेवढा फरक कानाला कळतसुद्धा नाही. बरे, थर्माकोल आवाज शोषतो म्हणावे तर तेही नाही, कारण आवाज शोषणाऱ्या वस्तूत हवा आत-बाहेर खेळू शकेल अशी एकमेकांना जोडलेली छिद्रे असावी लागतात आणि थर्माकोलचे दाणे बंद असतात. पत्र्यावर घासून तो किरकिरतो, ही कमाई मात्र नक्की. अंड्यांच्या ट्रेबद्दल इतकेच सांगतो की पुठ्ठ्याचा तो पातळ तुकडा वरच्या पट्टीतला थोडासा आवाज विस्कटतो, आणि रस्त्याची घरघर बहुतांशी खालच्या पट्टीतली असते.

आता स्प्रे फोमकडे वळतो. संदेशातला हा सर्वांत घातक भाग आहे आणि दुर्दैवाने चित्रफितीत तोच सर्वांत आकर्षक दिसतो: खांबावरचे प्लास्टिक काढायचे, भोकात नळी घालायची, पिवळा फेस फुगून बाहेर आला की अंगठा उंचावून दाखवायचा. पुढच्या आणि मागच्या दारांमधल्या ज्या खांबात हा फेस भरला जातो, त्याच्याच खालच्या भागात सीटबेल्ट गुंडाळणारी रीळ बसवलेली असते. अनेक गाड्यांत तिला जोडूनच, धडकेच्या क्षणी पट्टा मागे खेचून घट्ट करणारी यंत्रणाही असते. त्याच पोकळीतून तारांचे जुडगे जातात. पडदा-एअरबॅग असलेल्या गाड्यांत वरच्या कडेला तिची गुंडाळी आणि गॅसची नळी असते. हा फोम चिकटला की तो कुठल्याही द्रावणाने निघत नाही, कापून किंवा खरवडूनच काढावा लागतो. रिळेच्या दातांत तो गेला तर पट्टा अर्ध्यावर अडकेल, आणि अडकला नाही तरी धडकेच्या वेळी त्याने नेमके काय करायचे ते कारखान्याऐवजी फोमचा डबा ठरवेल. आवाज थोडा कमी व्हावा म्हणून सीटबेल्टशी खेळ करणे याला माझ्याकडे सौम्य शब्द नाही.

यावर ‘कारखान्यातही खांबांत फोम असतो’ असे उत्तर संदेशातच आधी देऊन ठेवले आहे. ते अर्धे खरे आहे आणि तेवढे मान्य करावे लागते. कारखान्यात खांबांच्या ठरावीक जागी छोटे तुकडे बसवतात, रंगाच्या भट्टीतल्या उष्णतेने ते फुगतात आणि पोकळीतून नळीसारखा वाहणारा आवाज तिथेच तोडतात. मात्र त्यांची जागा आराखड्यात ठरलेली असते, पाण्याची वाट मोकळी ठेवलेली असते आणि सीटबेल्टची रीळ त्यानंतर बसते. आपल्या डब्यातल्या फोमला यातले काहीही ठाऊक नसते. तो हवेतल्या ओलाव्यावर घट्ट होतो, त्यामुळे बंद पोकळीत बराच काळ मधूनच कच्चा राहतो. त्याला फुगवणारा वायूही सहसा ज्वालाग्राही असतो.

आगीचा मुद्दा इथेच येतो आणि त्यासाठी एकच आधार पुरेसा आहे. गाडीच्या आतल्या साहित्याच्या ज्वलनशीलतेसाठी अमेरिकेत ‘एफएमव्हीएसएस ३०२’ हे मानक १९७२ पासून लागू आहे. आडव्या धरलेल्या नमुन्यावर ज्योत मिनिटाला १०२ मिलिमीटरपेक्षा वेगाने पसरता कामा नये, अशी त्याची अट आहे. आपल्याकडे ‘आयएस १५०६१’ हे मानक याच कामासाठी आहे. सीटचे कापड, छताचे अस्तर, पायाखालचा गालिचा, दाराचे पॅनल या सगळ्यांना अशा परीक्षेतून जावे लागते. टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल, पुठ्ठ्याचे ट्रे आणि हार्डवेअरच्या दुकानातला फोम गाडीसाठी या परीक्षेला कधीच बसलेले नसतात. हा फोम पॉलियुरेथेनचा असतो आणि तो जळताना कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायूही बाहेर पडतो. स्पीकरच्या आणि पॉवर विंडोच्या तारा जिथून जातात, नेमक्या तिथेच हे सारे कोंबायला सांगणाऱ्या माणसाने दाराच्या पॅनलमागे कधी डोकावून पाहिले असेल, असे मला वाटत नाही.

पाण्याबद्दलही थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण कोकणात तक्रार तिथूनच सुरू होते. काच खाली जाते त्या फटीतून पावसाचे पाणी दारात शिरते, आणि ते शिरणारच असे धरूनच दार बनवलेले असते. बाहेरच्या पत्र्याच्या आतल्या अंगाने ओघळत ते तळाशी जाते आणि खालच्या कडेला असलेल्या लहान भोकांतून बाहेर पडते. पॅनलमागे ताणून लावलेला पातळ प्लास्टिकचा कागद ते केबिनमध्ये येऊ देत नाही. मामेभावाच्या गाडीचे मागचे डावे दार आम्ही दोघांनी उघडले, तेव्हा तो कागद फाडून बाजूला सारलेला होता. तळाशी थर्माकोलचा भुगा आणि लगदा झालेला पुठ्ठा यांनी तिन्ही भोके बुजली होती. स्क्रूड्रायव्हरने एक भोक मोकळे करताच तपकिरी पाण्याची धार लागली आणि ती बराच वेळ थांबली नाही. तळाच्या शिवणीवर गंज धरू लागला होता. ‘दादा, आवाज कमी झालाय पण,’ असे तो तेव्हाही म्हणत होता. त्या दारातला आवाज खरोखर काही प्रमाणात बदलला होता, कारण आत पाणी भरले होते.

डांबरी टेपच्या बाबतीत संदेशाला पुन्हा थोडे झुकते माप द्यावे लागते. गाड्यांच्या तळाच्या पत्र्यावर कारखान्यातही डांबरी थर असतात. परंतु ते त्या कामासाठी बनवलेले मिश्रण असते आणि रंगाच्या भट्टीत ते पत्र्याला एकजीव होते. गच्चीची टेप पाणी अडवण्यासाठी असते, थरथर जिरवण्यासाठी नसते. नागपूर-चंद्रपूरकडच्या उन्हात दिवसभर उभ्या राहिलेल्या गाडीत ती मऊ पडते, वास मारते आणि दाराच्या उभ्या पत्र्यावरून सरकू लागते. ज्याला हे काम करायचेच आहे, त्याने ब्युटिल रबर आणि वर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा असलेली शीट घ्यावी. पत्रा थरथरला की पत्रा आणि अ‍ॅल्युमिनियम यांच्यामध्ये अडकलेले ब्युटिल ताणले जाते आणि थरथरीची उष्णता होऊन ती जिरते. म्हणून पत्रा झाकत सुटण्याची गरज नसते. पत्र्याच्या सपाट मधल्या भागाचा पाव ते एक तृतीयांश हिस्सा झाकला की बहुतेक काम होते. आधी बोटाच्या पेराने पत्र्यावर ठोकावे: ‘टण्ण’ असा आवाज लांबत असेल तिथे तुकडा लावावा, रोलरने दाबावा आणि पुन्हा ठोकावे. ‘ठप्’ असा बोदा आवाज आला की थांबावे. ‘एक इंचही मोकळा ठेवू नका’ या सल्ल्याने शीट विकणाऱ्याचा फायदा होतो. रस्त्याचा हवेतून येणारा आवाज अडवायचा असेल तर त्यावर फोमचा बंद पेशींचा थर आणि चौरस मीटरला सुमारे पाच किलो वजनाचे जड व्हिनाइल लागते. ते १,८०० रुपयांत येत नाही आणि गाडीचे वजनही वाढवते.

अ‍ॅपच्या आकड्यांबद्दल थोडक्यात. सहा डेसिबलने ध्वनीचा दाब निम्मा होतो, हे पुस्तकात खरे आहे. कानाला मात्र आवाज निम्मा वाटायला साधारण दहा डेसिबलची घट लागते, आणि सहा डेसिबलला तो जेमतेम एक तृतीयांशाने कमी वाटतो. पण त्या चित्रफितीत तेवढेही सिद्ध होत नाही. ‘आधी’च्या भागात काँक्रीटच्या सांध्यांवरून जाणाऱ्या चाकांची ठरावीक ‘टप्-टप्’ स्पष्ट ऐकू येते आणि ‘नंतर’च्या भागात काचेतून काळाभोर नवा डांबरी रस्ता दिसतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरून उतरून चांगल्या डांबरी रस्त्याला लागताच गाडी गप्प होते, हा अनुभव कुणाही चालकाला आहे आणि त्यासाठी त्याने अंड्याचा एकही ट्रे चिकटवलेला नसतो. मोजायचेच असेल तर तोच रस्ता, तोच वेग, टायरमध्ये तीच हवा आणि एसीचा पंखा बंद, एवढे तरी पाळायला हवे होते.

ज्या गोष्टींनी खरोखर फरक पडतो, त्यांचा त्या मजकुरात उल्लेखही नाही. रस्त्याच्या आवाजाचा उगम टायरमध्ये आहे, आणि त्यातला खालच्या पट्टीतला मोठा हिस्सा हवेतून न येता सस्पेन्शनमधून सांगाड्यात चढतो. दारात काहीही कोंबले तरी त्याला फरक पडत नाही. टायर जुने, कडक झालेले किंवा करवतीच्या दातांसारखे झिजलेले असतील, तर तळहात टायरवरून एकदा पुढे आणि एकदा मागे फिरवला की ते लगेच कळते. मग अलाइनमेंट आणि नवे टायर हाच उपाय उरतो. टायरमधली हवा चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिली आहे तितकीच असावी. त्यानंतर दारांची बीडिंग, म्हणजे कडेची रबरी पट्टी, पाहावी. कागदाची पट्टी दारात धरून दार लावावे आणि पट्टी ओढावी, अलगद निघाली तर तिथे फट आहे. फटीचे महत्त्व कमी समजू नये: पडद्याच्या क्षेत्रफळाच्या फक्त एक टक्का भोक राहिले, तर उरलेला पडदा कितीही भारी असला तरी एकूण अडवणूक २० डेसिबलच्या पुढे जात नाही. आणि वेगाबरोबर वाढणारा, स्टीअरिंग एका बाजूला वळवल्यावर बदलणारा ‘हुंऽऽ’ असा सलग आवाज येत असेल, तर चाकाचे बेअरिंग गेले असण्याची शक्यता मोठी असते. तिथे पत्र्यावर शीट चिकटवणे म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. हा आवाज झाकायचा नसतो, गाडी जॅकवर घेऊन चाक हातानं फिरवून पाहायचे असते.

ज्यांनी हे सारे आधीच करून टाकले आहे, त्यांनी निदान तीन गोष्टी तातडीने कराव्यात. दारांच्या आणि पायरीच्या खालच्या कडेची भोके टोकदार वस्तूने मोकळी करावीत. प्रत्येक सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून सोडावा, झटका देऊन तो अडतो का ते पाहावे, आणि जो पट्टा परत जाताना रेंगाळतो किंवा झटक्याला अडत नाही त्या सीटवर दुरुस्ती होईपर्यंत कुणालाही बसवू नये. तिसरी गोष्ट गाडी डेंटरकडे जाईल तेव्हाची आहे: कोणत्या खांबात आणि कोणत्या पोकळीत फोम भरला आहे हे डेंटरने वेल्डिंग सुरू करण्याआधी मालकाने त्याला स्वतःहून सांगावे, कारण बाहेरून ते त्याला दिसणार नाही.