टोल गेला, करार मात्र चालूच आहे

14 ऑक्टोबर 2024 च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल बंद झाला. वाशी, ऐरोली, मुलुंड, आनंदनगर आणि तिकडे दहिसर. आपण ठाणेकर आणि नवी मुंबईकर हे वर्षानुवर्षं मागत होतो. ठाण्यातून शेजारच्या मुलुंडला जायचं तरी खिशात हात घालावा लागायचा. सूट मिळाली याचा मलाही मनापासून आनंद झाला.

पण तेव्हा एक प्रश्न मागेच पडला. या नाक्यांवरची वसुली कंत्राटाने दिलेली होती आणि कंत्राटाची मुदत संपलेली नव्हती. मग आपल्या गाड्यांचे पैसे भरणार कोण? एकतर सरकारी तिजोरीतून भरपाई जाते, नाहीतर वसुलीची मुदत वाढवून दिली जाते. मुदत वाढली की एपीएमसीतून माल भरून वाशीचा पूल ओलांडणारा ट्रक आणखी काही वर्षं टोल भरत राहतो, आणि तो टोल दादरच्या भाजीच्या भावात येऊन बसतो. 1 जून 2015 ला राज्यातले 12 नाके बंद झाले आणि 53 नाक्यांवर कार, जीप, एसटीला सूट मिळाली, तेव्हाही हाच प्रश्न होता. सायन-पनवेल महामार्गावरच्या नाक्याचं उदाहरण तर आपल्या दारातलंच आहे. ही सूट लागू झाली तेव्हा तिथे टोल सुरू होऊन सहा महिनेही झाले नव्हते.

मी रस्ते आणि पुलांच्या कामांवर बिलं आणि क्लेम, म्हणजे कंपन्यांनी मागितलेले जादा पैशांचे दावे, तपासतो. खासगी भागीदारीतल्या प्रकल्पांबद्दल लोक चिडतात ते बहुतेक टेंडरवरून. टेंडर कोणाला मिळालं, किती कोटींचं होतं. माझं स्पष्ट मत आहे की खरा पैसा पुढे, करार मधेच बदलतो तेव्हा हलतो, आणि तिकडे कोणाचंच लक्ष नसतं.

बदल होणारच, त्याला माझा विरोध नाही. वीस-तीस वर्षांचा करार करताना पुढचं सगळं कोणालाच दिसत नाही. एका बीओटी (बांधा, वापरा, हस्तांतरित करा) रस्त्याचं काम निम्मं झालं होतं. मधल्या एका गावाने भुयारी मार्ग मागितला, कारण शाळा रस्त्याच्या पलीकडे होती. मागणी शंभर टक्के रास्त होती, ड्रॉइंगमध्ये मात्र मार्ग नव्हता. साहेब साइटवर आले, जागा बघितली आणि म्हणाले, "काम थांबवू नका, कागद मागाहून करू." खोदाई सुरू झाली आणि खाली पाण्याची मोठी लाइन लागली. तीही कुठल्याच नकाशावर नव्हती. लाइन हलवायला परवानगी लागते, परवानगी येईपर्यंत पाऊस लागला, पोकलेन नुसता उभा. पुढे कंपनीने क्लेम लावला त्यात मशिनरी बसून राहिल्याचे पैसे, वाढलेली मुदत, व्याज, सगळं होतं. आमच्या फायलीत ना तारखेचा आदेश, ना आधी ठरवलेला दर, ना दोन्ही बाजूंच्या सहीचं मोजमाप. प्रकरण लवादात गेलं. आज मुलं त्या मार्गाने शाळेत जातात, ते उत्तमच झालं. पण त्या कामाची किंमत काम करायच्या आधी ठरली असती तर ती कितीतरी कमी असती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

आणि नियम नाहीत असंही नाही. राष्ट्रीय महामार्गांच्या नमुना बीओटी करारात कामाची व्याप्ती बदलण्यासाठी वेगळं प्रकरण आहे. आधी लेखी नोटीस, मग कंपनीने खर्च आणि वेळेचा हिशोब द्यायचा, स्वतंत्र अभियंत्याने तो तपासायचा आणि त्यानंतर आदेश. बांधकामाच्या काळात असे बदल एकूण प्रकल्प खर्चाच्या 0.25 टक्क्यांपर्यंत असतील तर ते कंपनीच्या खिशातून, त्यावरचे महामार्ग प्राधिकरणाच्या. इतकं स्वच्छ लिहिलेलं आहे. मग ते पाळलं का जात नाही?

एक कारण घाई. दुसरं कारण भीती, आणि ते बाहेरच्यांना कळत नाही. मधेच दर मान्य करणाऱ्या अधिकाऱ्याला पाच वर्षांनी चौकशीची नोटीस येऊ शकते. म्हणून फाइल टेबलांवरून फिरत राहते, प्रत्येक जण "अभिप्रायार्थ सादर" लिहून पुढे ढकलतो आणि शेवटी निर्णय लवादावर सोडला जातो. खासगी भागीदारीच्या पद्धतीचा आढावा घेणाऱ्या विजय केळकर समितीने 2015 च्या अहवालात हेच सांगितलं होतं. प्रामाणिक चूक आणि भ्रष्टाचार यांत कायद्याने फरक करायला हवा, आणि फेरवाटाघाटींना एक ठरलेली चौकट हवी. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात वाईट हेतू नसतानाही अधिकाऱ्याला अडकवू शकणारं जाचक कलम होतं, ते 2018 मध्ये गेलं. टेबलावरची भीती अजून गेलेली नाही, हे मी रोज बघतो.

कंपन्यांनाही मी मोकळं सोडणार नाही. जागतिक बँकेने 2004 मध्ये लॅटिन अमेरिकेतल्या अशाच हजाराहून अधिक करारांचा अभ्यास छापला. त्यातल्या सुमारे 30 टक्के करारांत फेरवाटाघाटी झाल्या होत्या, आणि त्याही सरासरी 2.2 वर्षांत. म्हणजे काम मिळेपर्यंत गोड आकडा द्यायचा आणि मिळालं की चर्चेला बसायचं, हे तिथेही चालतं. ज्यांनी खरा हिशोब मांडून जास्त आकडा भरला, ते बिचारे टेंडरमध्येच बाद झालेले असतात.

कधी तर भागीदारच बदलतो. आपल्या नवी मुंबई विमानतळाचा सवलत करार, म्हणजे तो बांधून चालवण्याचा हक्क देणारा करार, 2018 चा, त्यात सिडकोचा वाटा 26 टक्के. 2021 मध्ये खासगी भागीदाराची मालकी दुसऱ्या समूहाकडे गेली, तेव्हा राज्य मंत्रिमंडळाने मान्यता दिली. एवढा मोठा बदल निदान बातम्यांत आला. मूळ करारात बदल करणारे लहानसहान पूरक करार कोणाला दिसतात?

म्हणून माझी मागणी एकच आहे. टेंडर जसं जाहीर होतं तसा प्रत्येक पूरक करार सहीनंतर महिनाभरात संकेतस्थळावर यावा. सोबत एक पानभर मराठीत लिहावं: काय बदललं, कोणी मागितलं, किती पैसे वाढले, मुदत किती वाढली आणि ते कोण भरणार. माहिती अधिकाराच्या कलम 4 मध्ये स्वतःहून माहिती द्यायचं बंधन आहेच. कोणी 'व्यापारी गुपित' म्हणून कलम 8 पुढे केलं, तर त्याच कलमात व्यापक जनहिताचा अपवादही आहे, तो अर्जात लिहा. सुरुवात ऐरोली आणि वाशी नाक्यांपासून करू या. जे अर्ज टाकायला तयार आहेत त्यांनी कमेंटमध्ये सांगा, मसुदा मी करून देतो.